गोषवाऱ्यांचा डिसेंबर

२०२२च्या डिसेंबरात नागपूर राजकारणात गळ्यापर्यंत बुडालं होतं. करोनामुळे पडलेल्या खंडानंतर विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन शहरात परतलं होतं. १९ ते ३० डिसेंबर या काळात वर्तमानपत्रांची पानं, हॉटेलांच्या खोल्या, भाड्याच्या गाड्या, सगळं विधान भवनाभोवती फिरत होतं. ते संपून चार दिवस होतात न होतात तोच, ३ जानेवारी २०२३ रोजी, अमरावती मार्गावरच्या विद्यापीठ परिसरात १०८वी इंडियन सायन्स काँग्रेस सुरू व्हायची होती. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाचं हे शताब्दी वर्ष. पाच दिवस, चौदा विभाग, त्याशिवाय महिलांची, शेतकऱ्यांची, मुलांची आणि पहिल्यांदाच आदिवासींची विज्ञान काँग्रेस, सोबत ‘प्राइड ऑफ इंडिया’ हे मोठं प्रदर्शन. महिला सक्षमीकरणासह शाश्वत विकासासाठी विज्ञान आणि तंत्रज्ञान, असा त्या अधिवेशनाचा मुख्य विषय होता.

शहरातल्या बहुतेक बातमीदारांसाठी हे जानेवारीचं काम होतं. विज्ञानावर बरीच वर्षं लिहीत आलेली इथली एक वार्ताहर मात्र दिवाळी आटोपताच कामाला लागली होती. तिच्या दृष्टीने परिषदेचं वार्तांकन परिषदेच्या मांडवात घडतच नाही. तिथे फक्त त्याची शेवटची फेरी होते. बाकीचं सगळं घरी, ग्रंथालयात, फोनवर आणि दोन-चार प्रयोगशाळांच्या पायऱ्यांवर आधीच झालेलं असावं लागतं.

हे तिला कोणी वर्गात शिकवलं नव्हतं. वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. करून ती वृत्तपत्रात आली, तेव्हा विज्ञानाच्या बातम्या बहुतेक वृत्तसंस्थेकडूनच यायच्या. परराज्यातल्या एका मोठ्या परिषदेला ती एका ज्येष्ठ सहकाऱ्याबरोबर गेली होती. एकाच वेळी दहा-बारा दालनांत भाषणं चालू. ती एका दालनात बसून वही भरत होती; तो मात्र अर्ध्यातून उठून बाहेर जाई, कोणाला तरी गाठून पंधरा मिनिटं बोलत उभा राही आणि मग दुसऱ्याच मजल्यावर दिसे. दुपारी जेवताना त्याने तिची वही पाहिली आणि म्हणाला, “अगं, ऐकायला सगळेच बसलेत इथं. तू विचारायला आलीस ना?” त्याच्याकडच्या कार्यक्रमपत्रिकेवर पेन्सिलीच्या खुणा होत्या आणि प्रत्येक खुणेपुढे एक प्रश्न. ते प्रश्न त्याने गावाहून निघण्यापूर्वीच लिहून आणले होते. त्या दिवसापासून तिच्या कामाची दिशा बदलली.

तिची तयारी इतिहासापासून सुरू होते, आणि हा भाग ती मनापासून करते. सायन्स काँग्रेसची कल्पना सायमनसेन आणि मॅकमहॉन या दोन ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञांची. १८३१ साली यॉर्कमध्ये सुरू झालेल्या ब्रिटिश असोसिएशनचा नमुना त्यांच्यासमोर होता. पहिलं अधिवेशन १५ ते १७ जानेवारी १९१४ या दिवसांत कोलकात्यात एशियाटिक सोसायटीत भरलं. आशुतोष मुखर्जी अध्यक्ष होते. १०५ वैज्ञानिक आले, सहा विभागांत मिळून ३५ शोधनिबंध वाचले गेले. एका माणसाने सगळं ऐकून सगळ्यावर लिहावं, एवढाच तो पसारा होता.

नागपूरची पाळी १९२० साली आली. रसायनशास्त्रज्ञ आचार्य प्रफुल्लचंद्र राय अध्यक्ष होते आणि आधुनिक भारतातल्या विज्ञानाची पहाट हा त्यांच्या भाषणाचा विषय होता. नागपूर विद्यापीठ तेव्हा अस्तित्वातच नव्हतं; ते १९२३चं. शहर मध्य प्रांताची राजधानी होतं. कॉलेजं होती, पण स्वतःचं विद्यापीठ नव्हतं, आणि तरीही देशभरातले वैज्ञानिक इथे आले. त्याच वर्षी डिसेंबरात राष्ट्रीय काँग्रेसचं नागपूर अधिवेशन भरलं आणि त्याने असहकाराच्या ठरावावर शिक्कामोर्तब केलं. म्हणून शहराच्या आठवणीत १९२० म्हटलं की तेवढंच राहिलं. जानेवारीतल्या रसायनशास्त्रज्ञाची आठवण कोणी फारशी ठेवली नाही. पुढे १९३१ साली भारतीय प्राणिशास्त्र सर्वेक्षणाचे संचालक सीमोर स्युएल, १९४५ साली शांतिस्वरूप भटनागर आणि १९७४ साली गणितज्ञ आर. एस. मिश्र यांच्या अध्यक्षतेखाली सायन्स काँग्रेस नागपुरात भरली. म्हणजे २०२३च्या आधी जवळपास अर्धं शतक ती इथे आलेली नव्हती. १९७४च्या पुढच्याच वर्षी दिल्लीच्या अधिवेशनात असीमा चॅटर्जी या पहिल्या महिला अध्यक्ष झाल्या. नागपुरात २०२३च्या अध्यक्षपदी विजयलक्ष्मी सक्सेना होत्या. या दोन नावांच्या मधली वर्षं मोजली की महिला सक्षमीकरण या विषयावर निराळं भाष्य करावं लागत नाही, असं तिने पहिल्याच टिपणात लिहून ठेवलं होतं.

या इतिहासातून तिला चौकटीत टाकायला मजकूर हवा नव्हता. शहरात विज्ञान आधीपासून होतं, हे वाचकाला दाखवायचं होतं. चंद्रशेखर व्यंकट रामन १९१० साली लेखा खात्याचे अधिकारी म्हणून नागपुरात होते. १९५८ साली इथे सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकीची जी केंद्रीय संस्था सुरू झाली तीच आजची नीरी. कापूस संशोधनाची केंद्रीय संस्था वर्धा मार्गावर आहे. ज्या अमरावती मार्गावर परिषदेचे मांडव उभे राहत होते, त्याच मार्गावर लिंबूवर्गीय फळांचं संशोधन करणारी संस्था आहे आणि देशाच्या मातीचं सर्वेक्षण करणारी संस्थाही आहे. रोज त्या फाटकांवरून जाणाऱ्या माणसांपैकी कितींना आत काय चालतं हे ठाऊक असेल? परिषद पाच दिवसांनी उठून जाणार होती. या संस्था इथेच राहणार होत्या.

त्यानंतर येतात शोधनिबंधांचे गोषवारे. हे काम कंटाळवाणं दिसतं, पण तिच्या मते बातमी खरी इथेच सापडते. मोठ्या परिषदेचे गोषवारे शेकड्यांनी येतात, काही तर शेवटच्या आठवड्यात, आणि कार्यक्रमपत्रिका आदल्या रात्रीपर्यंत बदलत असते. ती ते सगळे वाचत नाही, चाळते. चाळताना एक गोष्ट शोधते: या माणसाने स्वतः काहीतरी मोजलं आहे का? “अभ्यासाचे निष्कर्ष सादर केले जातील” असं लिहून संपणारा गोषवारा ती बाजूला ठेवते, लेखकाचं पद कितीही मोठं असो. एखाद्या तालुक्याच्या कॉलेजातल्या अध्यापकाने आपल्या तळ्याचं पाणी वर्षभर दर महिन्याला तपासून आकडे दिले असतील, तर त्या नावापुढे ती खूण करते. अशा माणसांना फोन केला की ते आधी बावरतात. आपला पेपर कोणी आधीच वाचला आहे, हे त्यांच्या बाबतीत सहसा घडलेलं नसतं. मग ते मनमोकळं बोलतात, आणि परिषदेच्या दिवशी गर्दीतून वाट काढत स्वतःच येऊन भेटतात.

फोनवर ती एक प्रश्न हमखास विचारते: जमलं नाही असं काय? ज्याने काम केलेलं असतं तो लगेच सांगतो, की पावसाळ्यात नमुने वाया गेले, यंत्र तीन महिने बंद पडलं, गावकऱ्यांनी दुसऱ्या वर्षी विहिरीला हात लावू दिला नाही. ज्याने केलेलं नसतं तो पुन्हा निष्कर्षच सांगत राहतो.

तिच्या वहीची रचनाही विभागांप्रमाणे नसते. परिषदेचे चौदा विभाग वैज्ञानिकांच्या सोयीचे आहेत. तिची पानं विदर्भातल्या वाचकाच्या काळजीप्रमाणे लावलेली असतात: कापूस, संत्रा, सिकलसेल, औष्णिक वीज केंद्रांची राख, पिण्याच्या पाण्यातलं फ्लोराइड, उन्हाळा. प्रत्येक पानावर तीन-चार प्रश्न. परिषदेत कोणीही वक्ता आला, तरी त्याला यापैकी कुठला प्रश्न विचारता येईल ते ती बघते. पदार्थविज्ञानाच्या माणसालाही ती उन्हाळ्याबद्दल विचारते. एकदा तर छतावरच्या पांढऱ्या रंगाबद्दलचा एक पूर्ण लेख तिला तसाच मिळाला.

कापसाच्या पानाची गोष्ट जरा सविस्तर सांगण्यासारखी आहे, कारण तयारी म्हणजे काय ते तिथे नीट दिसतं. २००२ साली देशात बीटी कापसाला परवानगी मिळाली. कपाशीच्या झाडातच बोंडअळीला मारणारं प्रथिन तयार व्हावं, ही त्यामागची युक्ती. अळीमध्ये प्रतिकारशक्ती लवकर येऊ नये म्हणून शेताभोवती साध्या, म्हणजे नॉन-बीटी कपाशीच्या पाच ओळी किंवा वीस टक्के क्षेत्र, यांपैकी जे जास्त असेल ते लावायचं, असा नियम होता. त्यासाठी ४५० ग्रॅमच्या बीटी बियाण्याबरोबर १२० ग्रॅमचं नॉन-बीटी पाकीट मिळायचं. साध्या झाडांवर वाढलेल्या अळ्यांचे पतंग प्रतिकारक पतंगांशी संकर करतात आणि प्रतिकार पसरण्याचा वेग मंदावतो, हे त्यामागचं शास्त्र. बहुतेक शेतकऱ्यांनी ते छोटं पाकीट पेरलंच नाही. त्यात पहिली वेचणी झाल्यावरही, पाणी देऊन पीक मार्चपर्यंत उभं ठेवण्याची आपल्याकडे पद्धत आहे. तिला फरदड म्हणतात. गुलाबी बोंडअळी कपाशीशिवाय दुसऱ्या पिकावर फारशी जगत नाही, आणि फरदडीमुळे तिला जवळजवळ वर्षभर अन्न मिळत राहिलं. २०१४-१५पासून दुहेरी जनुकांच्या बीटी कपाशीवरही गुलाबी अळी टिकू लागल्याचं दिसलं. २०१७च्या हंगामात फवारण्या अतोनात वाढल्या आणि यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक माणसं गेली.

हे सगळं तिला एका कृषी परिषदेच्या आधीच माहीत होतं. त्या परिषदेत बाहेरच्या राज्यातल्या एका वक्त्याने पडद्यावर आलेख दाखवून सांगितलं, की हंगाम लांबवणं थांबवलं तर अळीचा प्रश्न बराच आटोक्यात येईल. बरोबरच होतं ते. पण तिथे येण्याच्या पंधरवडाभर आधी ती काटोलकडच्या एका शेतकऱ्याच्या बांधावर उभी राहून हेच विचारून आली होती. त्याने कपाशीच्या ओळींकडे हात करून म्हटलं होतं, “फरदड नाई ठेवली त मार्चात पैसा कुठून येते, सांगा बरं.” भाषण संपल्यावर तिने हाच प्रश्न त्याच शब्दांत वक्त्यासमोर ठेवला: फरदड सोडणाऱ्याच्या हातात मार्च महिन्यात पैसा कसा येईल, याचा हिशोब कोणी मांडला आहे का? सभागृहात क्षणभर शांतता झाली. मग मागच्या रांगेतून कापूस पैदास करणारे एक संशोधक उठले आणि कमी दिवसांच्या वाणांबद्दल बोलू लागले: दीडशे दिवसांत निघणारं पीक, त्यानंतर घेता येणारा हरभरा, आणि बियाणं मिळण्यातल्या अडचणी. ठरल्या वेळेपेक्षा सत्र अर्धा तास जास्त चाललं. तिच्या मते त्या परिषदेतलं सर्वांत उपयोगी बोलणं तेच होतं, आणि ते कार्यक्रमपत्रिकेत नव्हतं.

तयारीचं महत्त्व तिला सर्वांत तीव्रतेने जाणवलं ते २०१५ साली, मुंबई विद्यापीठाच्या कालिना परिसरातल्या १०२व्या सायन्स काँग्रेसमध्ये. तिथे संस्कृतमधल्या प्राचीन विज्ञानावर एक सत्र होतं आणि त्यात प्राचीन भारतातल्या विमानविद्येवर एक निबंध होता. विषय आधीच जाहीर झाल्यामुळे देशभर गदारोळ सुरू झाला होता. वाहिन्यांवर दोन बाजूंची माणसं एकमेकांवर ओरडत होती. तिने परिषदेआधी एक जुना निबंध मिळवून वाचला होता. बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समधल्या पाच अभियंत्यांनी १९७४ साली ‘वैमानिक शास्त्र’ या ग्रंथाचा कसून अभ्यास करून तो लिहिला होता. मजकुराची भाषा आणि त्याचा प्रवास तपासून हा ग्रंथ विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा आहे, असं त्यांनी ठरवलं. मग वायुगतिकीचे नियम लावून त्यात वर्णन केलेल्या विमानांपैकी एकही उडू शकत नाही, असं दाखवून दिलं. काम चाळीस वर्षांहून जुनं होतं, आणि ते आपल्याच देशातल्या उत्तम संस्थेत झालेलं. त्याचा धागा धरून तिने त्या संध्याकाळी मराठीत लिहिलं: कोणाची टिंगल न करता, पाच अभियंत्यांनी काय तपासलं आणि कसं तपासलं, एवढंच. वाचकांची जी पत्रं आली त्यातल्या बऱ्याच जणांनी तो मूळ निबंध कुठे मिळेल असं विचारलं होतं. लोकांना फक्त कोणाची बाजू घ्यायची असते असं मानणाऱ्या संपादकांना ती ही पत्रं आजही दाखवते.

नागपूरच्या वेळी पहिल्या दिवसाबद्दल संपादकाशी तिचं आधीच बोलणं झालं होतं. उद्घाटन पंतप्रधान दूरदृश्य प्रणालीद्वारे करणार होते. राज्यपाल, मुख्यमंत्री, केंद्रीय मंत्री येणार होते. ते भाषण सगळ्यांकडे पोहोचणारच होतं आणि त्याची प्रत सरकारच देणार होतं. तिथे आणखी एक वही असण्याने वाचकाला काही जास्तीचं मिळणार नव्हतं. संपादकाला ते पटायला जरा वेळ लागला, पण पटलं. उद्घाटनाची बातमी दुसऱ्या सहकाऱ्याने केली आणि ती त्या वेळात प्रदर्शनाच्या मांडवात फिरत राहिली. मंत्री येण्याआधी आणि गेल्यानंतर तिथले वैज्ञानिक मोकळे असतात, हे अनुभवी बातमीदाराला माहीत असतं.

महिला विज्ञान काँग्रेसचं उद्घाटन राहीबाई पोपेरे यांच्या हस्ते होतं. नगर जिल्ह्याच्या अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई कधी शाळेत गेल्या नाहीत. देशी बियाण्यांच्या जतनासाठी त्यांना पद्मश्री मिळाली आणि महाराष्ट्र त्यांना बीजमाता म्हणून ओळखतो. व्यासपीठावरचा सत्कार, शाल, पुष्पगुच्छ ही छायाचित्रं सगळ्यांकडे असणार हे उघड होतं. तिने त्या आधीच्या आठवड्यात विदर्भात देशी बियाणं राखणाऱ्या काही बायकांशी बोलून घेतलं होतं: दाणा कुठल्या झाडाचा राखायचा, पहिल्या बहराचा की मधल्या, किती वाळवायचा, किडीपासून कसा वाचवायचा. वालाच्या, घेवड्याच्या एकेका वाणामागे पिढ्यांची निवड असते. कोणतं झाड पुढच्या वर्षासाठी ठेवायचं हे दरवर्षी कोणीतरी बघून ठरवलेलं असतं, आणि वनस्पतिपैदासीच्या पुस्तकात निवड म्हणतात ती हीच. तिच्या लेखात सत्काराला एक वाक्य मिळालं. बाकी सगळी जागा बियाण्याने घेतली. चौदा विभागांच्या परिषदेत त्या दिवशी ज्ञानाचा सर्वांत जुना प्रकार व्यासपीठावर बसलेला होता, आणि त्याकडे शास्त्र म्हणूनच पाहायला हवं, हे तिचं ठाम मत आहे.

पोस्टरच्या दालनात ती सर्वांत जास्त वेळ घालवते. मुख्य सभागृहात प्रतिष्ठा असते. पोस्टरपाशी काम असतं. तिथे उभी असलेली मुलं-मुली पंचविशीच्या आतबाहेरची. त्यांनी स्वतः नमुने गोळा केलेले, स्वतः रात्र रात्र यंत्रापाशी बसलेली. बरेच जण महाविद्यालयाच्या बसने आलेले, काहींनी पोस्टर गुंडाळून रेल्वेने आणलेलं. त्यांच्यापुढे दहा मिनिटं कोणी उभं राहिलं की चेहरा उजळतो. ती त्यांना वैज्ञानिक भाषा सोडून आईला सांगावं तसं सांगायला सांगते. काहींना ते पहिल्याच फटक्यात जमतं. ज्यांना जमत नाही त्यांच्याशी ती दुसऱ्यांदा बोलते, कारण अडखळणाऱ्याला आपण नेमकं कुठे अडतो ते त्या बोलण्यातच कळत जातं.

नोंदींबद्दल ती फार काटेकोर आहे. वैज्ञानिकाने आकडा सांगितला की ती त्याच्यासमोर तो मोठ्याने वाचते, एकक वाचते, टक्के कशाचे ते विचारते. रात्री घरी आल्यावर झोपण्यापूर्वी वही उलगडून अर्धवट वाक्यं पूर्ण करते. दुसऱ्या दिवशी सकाळी ती वाक्यं तिला स्वतःलाच परकी वाटतात, हा तिचा वर्षानुवर्षांचा अनुभव. याबद्दल बोलताना ती ऑक्सफर्डचं उदाहरण देते. ब्रिटिश असोसिएशनच्या बैठकीत ३० जून १८६० रोजी जीवशास्त्रज्ञ हक्सली आणि बिशप विल्बरफोर्स यांच्यात उत्क्रांतीवर वाद झाला. विज्ञानाच्या इतिहासातला हा सर्वांत प्रसिद्ध वाद. पण त्या दिवशी तिथे नेमकं कोण काय बोललं याची शब्दशः नोंद उपलब्ध नाही. जे प्रसिद्ध आहे ते बरंचसं पत्रांमधून आणि पुढे अनेक वर्षांनी लिहिलेल्या आठवणींमधून आलं. सभागृहात शेकडो माणसं होती आणि आज अभ्यासकांना त्यातल्या एका चांगल्या वहीची उणीव भासते.

सिकलसेलचं पान तिने नागपूरच्या परिषदेसाठी सर्वांत कसून तयार केलं होतं. भारतात हा विकार १९५२ साली निलगिरीच्या आदिवासींमध्ये प्रथम नोंदला गेला. मध्य भारतातल्या वाहकांबद्दल शुक्ला आणि सोळंकी यांचा निबंध १९५८ साली ‘लॅन्सेट’मध्ये आला. रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या जनुकात एका अक्षराचा बदल होतो आणि लाल पेशी कोयत्यासारख्या वाकतात. दोन्ही पालकांकडून बदललेलं जनुक आलं तर आजार, एकाकडूनच आलं तर माणूस फक्त वाहक. विदर्भात तो आदिवासींमध्ये आहे, तसाच अनुसूचित जातींमधल्या कुटुंबांतही आहे. गावात करतात ती विद्राव्यतेची साधी चाचणी फक्त बदललेलं हिमोग्लोबिन आहे की नाही एवढंच सांगते. माणूस वाहक आहे की रुग्ण, हे कळायला इलेक्ट्रोफोरेसिससारखी पुढची तपासणी लागते. एवढी माहिती मनाशी असल्याने तिचे प्रश्न नेमके झाले: पहिल्या चाचणीनंतर दुसऱ्या चाचणीपर्यंत किती माणसं पोहोचतात? अहवाल घरी कोण नेऊन देतं? लग्न ठरवताना तो कागद बाहेर निघतो का, की लपवला जातो?

पाच दिवसांत तिने हे प्रश्न डॉक्टरांना विचारले, मानववंशशास्त्राच्या विद्यार्थ्यांना विचारले, आणि चहाच्या रांगेत भेटलेल्या एका प्रयोगशाळा तंत्रज्ञालाही विचारले. त्याची उत्तरं सर्वांत उपयोगी निघाली, कारण रक्ताची नळी ते गावाचं नाव हा प्रवास त्याच्या हातून रोज होत होता. मुलीच्या बाबतीत वाहक असल्याचं कळलं की घरातली कुजबुज कशी बदलते, हेही त्यानेच सांगितलं. परिषदेच्या बातम्यांत या सगळ्याला जागा मिळाली नाही. तिने ती टिपणं राखून ठेवली.

१ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोल इथे सिकलसेल निर्मूलनाच्या राष्ट्रीय मोहिमेचा शुभारंभ झाला: २०४७पर्यंत निर्मूलन आणि आदिवासी भागांतल्या ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी. त्या संध्याकाळी तिच्याकडे लेख जवळजवळ तयार होता. सात कोटी हा आकडा सगळ्यांनी छापला. तिने लिहिलं ते पहिल्या आणि दुसऱ्या चाचणीमधल्या अंतरावर, अहवाल पोहोचवणाऱ्या माणसावर आणि विवाहापूर्वीच्या समुपदेशनावर, म्हणजे जानेवारीत जमलेल्या उत्तरांवर. आरोग्य खात्यात काम करणाऱ्या काही वाचकांनी तो लेख आशा कार्यकर्त्यांच्या बैठकीत वाचून दाखवल्याचं कळवलं. तिच्या लेखी २०२३च्या सायन्स काँग्रेसचं तिने केलेलं सर्वांत चांगलं वार्तांकन हे, जरी ते जुलैमध्ये छापलं गेलं.

सप्टेंबर २०२३मध्ये केंद्राच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाने सायन्स काँग्रेसला दिलेलं पाठबळ काढून घेतलं आणि जानेवारी २०२४मध्ये ती भरलीच नाही. परिषदेच्या उणिवांवर गेली काही वर्षं बरंच बोललं गेलं होतं, त्यातलं बरंचसं योग्यही होतं. पण तिला याचं दुःख झालं, आणि ते ती लपवत नाही. गोंदियाच्या, वाशीमच्या, देगलूरच्या कॉलेजातल्या मुलीला आपलं पोस्टर घेऊन जाण्यासाठी देशात अशा जागा फार नाहीत. निवडक संस्थांच्या निवडक परिषदांत तिला कोणी बोलावत नाही. व्यासपीठावरच्या गोंगाटामुळे मागच्या दालनातलं हे काम दिसेनासं झालं, आणि ते दाखवायचं काम वार्ताहरांचंही होतं, असं ती म्हणते.

तिचा डिसेंबर मात्र अजून तसाच जातो. मराठी विज्ञान परिषदेचं वार्षिक अधिवेशन असतं, विद्यापीठांच्या विभागांच्या परिषदा असतात, कापसावरच्या, संत्र्यावरच्या कार्यशाळा असतात. पत्रकारितेच्या विद्यार्थ्यांना शिकवायला बोलावलं तर ती भाषण देत नाही. प्रत्येकाच्या हातात एक गोषवारा ठेवते, लेखकाला फोन करायला सांगते आणि दुसऱ्या दिवशी त्याच्यासाठीचे तीन प्रश्न लिहून आणायला सांगते. बहुतेकांच्या पहिल्या प्रश्नात संशोधनाचं महत्त्व काय असं विचारलेलं असतं. तो प्रश्न ती खोडते आणि त्या जागी गावाचं, पिकाचं किंवा आजाराचं नाव घालायला लावते. यंदाच्या वर्गातल्या एका मुलाने भंडाऱ्याच्या तलावांवर काम करणाऱ्या अध्यापकाला फोन लावला. तासभर बोलणं झालं, आणि रविवारी तो त्यांच्याबरोबर नमुने घ्यायला जाणार आहे.